डॉल्फिन किती जवळून बघावेत? आधी वारा आणि पाणी बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही आणि तुमचे यजमान तीन-चार वर्षं पवना आणि मुळशी धरणांच्या पाण्यात कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची चिंचोळी होडी, चालवताय. घरी हवा भरायची, दोघांची कयाक आहे. जानेवारीत बारा वर्षांच्या मुलीला घेऊन चार दिवस देवबागला येताय. डॉल्फिन दाखवणाऱ्या इंजिनाच्या बोटींच्या गर्दीत जायचं नाही, स्वतः वल्हवत जायचंय. मग पहाटे कुठून निघावं, किती आत जावं, डॉल्फिनच्या किती जवळ गेलेलं चालतं, आणि समुद्रसाप-मगरींची काळजी करावी का?

मी मालवण तालुक्यातलीच. आजोबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, होते. गेली पंधरा-सोळा वर्षं मी लोकांना खाडीत आणि समुद्रात कयाकवर नेते. तुमच्या प्रश्नातलं "किती जवळ" मला फारसं खटकलं नाही, त्याचं उत्तर सोपं आहे. खटकलं ते मधलं एक वाक्य: "पहाटे समुद्र तळ्यासारखा असतो, म्हणून पहाटेच निघू." डिसेंबर-जानेवारीत पहाटे देवबागचा किनारा खरंच तळ्यासारखा दिसतो. पण तो तसा का दिसतो हे कळलं नाही, तर परत येणं अवघड होतं. म्हणून प्राण्यांकडे नंतर येते.

हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र उबदार राहतो, आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. शाळेत शिकलो ते मतलई वारे हेच. वारा किनाऱ्याकडून बाहेर वाहत असल्यामुळे किनाऱ्यालगत लाट उठायला जागाच मिळत नाही. शिवाय मागे माडांची आणि सुरूची रांग, तिच्या आडोशाला वारा अंगाला लागतही नाही. तुम्ही वल्हवत चारशे-पाचशे मीटर बाहेर जाता. "काय मस्त सरकतेय!" असं वाटतं, कारण वारा पाठीमागून ढकलत असतो. मग वळता, तेव्हा तो तोंडावर येतो. हवा भरलेली कयाक पाण्यात जेमतेम बुडते आणि पाण्यावर फुग्यासारखी उंच बसते. वाऱ्याला ती शिडासारखीच. शांत पाण्यात तिचा वेग ताशी तीन किलोमीटर धरला, तर समोरच्या जरा जोराच्या वाऱ्यात तो एकावर येतो, आणि दमल्यावर शून्यावर. धरणात असं झालं तर वारा तुम्हाला पलीकडच्या काठाला नेऊन लावतो. इथे पलीकडचा काठ अरबस्तानात आहे.

आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या काकांनी मी नवी असताना एका ओळीत सांगितलं होतं: "बाय, सकाळचो वारो भायर नेता, परत हाडना नाय." म्हणजे बाहेर नेतो, परत आणत नाही. मी तेव्हा हसले होते.

साडेआठनंतर मतलई मंदावत जातो आणि दहा-अकराच्या सुमारास वारा उलटतो. समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, दुपारी दोन-तीनपर्यंत चांगला जोर धरतो आणि पाण्यावर पांढरे फेस दिसू लागतात. हा वारा तुम्हाला किनाऱ्याकडे आणतो खरा, पण सोबत लाटाही आणतो, आणि किनाऱ्याला लागताना कयाक आडवी झाली की उलटते. या दोन वाऱ्यांच्या मध्ये दीड-दोन तासांची एक खिंड असते, साधारण साडेआठ ते साडेदहा. मी नवख्या लोकांना समुद्रात नेते ती याच खिंडीत. पहाटे साडेपाचला कधीच नेत नाही. घड्याळावर विसंबून मात्र राहू नका. काही दिवशी मतलई साडेअकरापर्यंत रेंगाळतो, काही दिवशी लागतच नाही. मी निघण्याआधी किनाऱ्यावरून दूरच्या होड्यांच्या बावट्यांकडे बघते. माडाखाली उभं राहून आलेला अंदाज कामाचा नसतो.

हे झालं वाऱ्याचं. धरणात जे कधीच भेटत नाही ते म्हणजे भरती-ओहोटी, आणि देवबागला तीच जास्त महत्त्वाची, कारण देवबाग ही एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी अशी वाळूची चिंचोळी पट्टी आहे. दक्षिण टोकाला खाडी समुद्राला मिळते, पलीकडे भोगवे. सगळे फोटो तिथलेच असतात: वाळूचं बेट, हिरवं पाणी, मागे डोंगर. ओहोटीला अख्ख्या खाडीचं पाणी त्याच अरुंद तोंडातून बाहेर पडतं. समोरून समुद्राची लाट आत येत असते. दोघं एकमेकांना भिडतात तिथे पाणी उभं राहतं, उकळल्यासारखं दिसतं, आणि खालची वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते, त्यामुळे गेल्या वर्षीचा अनुभव यंदा उपयोगी पडेलच असं नाही.

माझी फजिती तिथलीच आहे. वल्हं हातात धरून दुसरं वर्ष चालू होतं, म्हणजे स्वतःला सगळं येतं असं वाटण्याचा काळ. खाडीतून ओहोटीबरोबर आरामात खाली आले, वल्हवायचीही गरज पडत नव्हती, आणि त्याचाच आनंद झाला होता. तोंडाशी पहिली लाट समोरून आली, ती चढले. दुसरीने कयाक आडवी केली. तिसरीने मला पाण्यात टाकलं. वल्हं हातातून सुटलं, कारण दोरीने बांधलेलं नव्हतं. कयाक धरून ठेवली तेवढं एक शहाणपण. प्रवाहाने मला तोंडाबाहेर नेलं आणि जाळं ओढून परतणाऱ्या एका होडीतल्या लोकांनी उचललं. कोणी ओरडलं नाही. एकाने फक्त विचारलं, "तिथ काय आज?" मला सांगता आली नाही.

तिथी का विचारली, तर आमच्याकडे जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे 15, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे साधारण सव्वाअकराला पूर्ण भरती, तिच्या सहा-सव्वासहा तास आधी आणि नंतर पूर्ण ओहोटी. अष्टमीला 8 ची पाऊणपट 6, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. म्हणजे रोज वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास इकडेतिकडे होतो. फोनवरचं भरतीचं कोष्टक जास्त अचूक असतं, ते जरूर बघा, पण हा हिशेब डोक्यात असला की कोष्टक वाचताना चूक झाली तर लगेच लक्षात येते.

आता तुमच्या सहलीला तो लावून बघा. समजा तुम्ही येता तेव्हा अष्टमी-नवमी आहे. सकाळी सहा-पावणेसातला भरती, मग दुपारी बारा-एकपर्यंत ओहोटी. म्हणजे तुमची सगळी सकाळ पाणी तुम्हाला खाडीच्या तोंडाकडे ओढत असणार. याउलट पौर्णिमा, अमावास्या किंवा त्यानंतरचे दोन दिवस असतील, तर पहाटे पाच ते सातच्या दरम्यान ओहोटी संपते आणि सकाळभर पाणी आत चढत राहतं. खाडीत वर जायला ढकलतं, दुपारी परत आणून सोडतं. मात्र पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, म्हणून प्रवाहही जोराचा. आमच्याकडे उधाणाला चढ-उतार दोन मीटरच्या आसपास असतो, मुंबईला चार मीटरहून जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा प्रवाह मऊ.

शिवाय पाणी सहाही तास सारख्या वेगाने चालत नाही. पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं. खाडीच्या तोंडाजवळ कधीच जाऊ नये अशी वेळ कुठली, तर ओहोटीचे हे मधले दोन तास.

तर तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं माझं उत्तर: हवा भरायची कयाक घेऊन समुद्रात जाऊ नका, खाडीत जा. देवबागच्या खाडीकडच्या अंगाने, संगमापासून जितक्या उत्तरेला उतराल तितकं बरं, तारकर्लीकडे उत्तमच. भरतीबरोबर नेरूरपारच्या दिशेने वर जा, ओहोटी लागली की परत या, आणि उतरलात त्या जागेच्या खाली अजिबात जाऊ नका. समुद्रात जायचंच असेल तर कडक बांधणीची कयाक भाड्याने घ्या आणि सोबत इथला माणूस घ्या. पाण्यात पडल्यावर परत कयाकवर चढणं तुम्हाला जमतं का, हे आधी उथळ पाण्यात करून बघा. "आम्ही कधी पडलोच नाही" हे उत्तर मी खूप ऐकलंय. मुलीलाही करायला लावा. बारा वर्षांची मुलं बहुतेक वेळा आईवडिलांपेक्षा लवकर चढतात.

आता डॉल्फिन. आपल्या किनाऱ्याजवळ दिसतात ते बहुतेक हिंद महासागरातले कुबड असलेले डॉल्फिन, करडे, पाठीवर लांबट उंचवटा आणि त्यावर छोटा पर. हे खोल समुद्रातले नाहीत. उथळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी, किनारा धरून राहतात. म्हणूनच ते आपल्याला दिसतात, आणि म्हणूनच जाळी, बोटी, घाण पाणी हे सगळं त्यांच्याच वाट्याला येतं. जगभरात ही जात धोक्यात असलेल्यांत मोडते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत डॉल्फिन आहेत, म्हणजे वाघाला जेवढं संरक्षण तेवढंच यांना.

गंमत अशी की त्यांना आवडणारी जागा आणि तुम्ही टाळायची जागा एकच आहे. ओहोटीला खाडीतून बोय आणि बारीक मासळी बाहेर येते आणि हे तोंडाशी वाट बघत असतात. एखादा डॉल्फिन उभ्या पाण्यात लीलया खेळताना दिसला की कयाकवाल्याला वाटतं, आपणही तिथे जावं. त्या दिवशी होडीत उचलून घेतलं गेल्यावर मागे वळून बघितलं, तर त्याच लाटांत दोन पाठी दिसल्या होत्या.

किती जवळ? मी स्वतःपुरतं 50 मीटर धरते, पिल्लू सोबत असेल तर दुप्पट. पण आकड्यापेक्षा कोण कोणाकडे जातंय हे जास्त मोलाचं. मी त्यांच्या मागे कधीच वल्हवत नाही. ते ज्या दिशेने चाललेत त्याच्या बाजूला, वाट सोडून, आधीच जाऊन थांबते आणि वल्हं मांडीवर ठेवते. त्यांना यायचं असेल तर येतात. नसेल तर त्या दिवशी लांबून पाठी बघायच्या. दहा फेऱ्यांत दोन-तीनदा ते आपणहून जवळून जातात. तेव्हा आधी ऐकू येतो तो श्वास, जाड कापड झटकल्यासारखा, आणि मग दिसतं. इंजिनाच्या बोटीतून आयुष्यभर डॉल्फिन बघितलेल्या माझ्या भावाला तो आवाज पहिल्यांदा कयाकवरच ऐकू आला.

एक गोष्ट लोकांना पटत नाही. कयाक शांत असते म्हणून ती प्राण्यांना त्रास देत नाही, असा समज आहे. उलटही घडतं. बोट दुरून येताना त्यांना ऐकू येते, ते तयार असतात. कयाक अचानक उगवते. श्वास घ्यायला वर आलेल्या डॉल्फिनला दहा मीटरवर तुम्ही दिसलात तर तो दचकतो. म्हणून मी थांबल्यावर मधूनमधून कयाकच्या कडेवर बोटांनी हलकं टकटक करते, म्हणजे मी कुठे आहे ते त्यांना कळत राहतं. शेपटी पाण्यावर आपटणं, सारखी दिशा बदलणं, बुडी लांबत जाणं, विखुरलेला कळप एकदम गोळा होणं, यातलं काही दिसलं की आपण नकोसे झालोय असं समजून निघायचं. आणि तिथे आधीच दोन-तीन बोटी असतील तर चौथे आपण होऊ नये, वल्हवत असलो तरी. बोटवाल्यांबद्दल तुम्ही जरा रागाने लिहिलंय. काही जण पाठलाग करतात, खरंय. पण इंजिन बंद करून लांब थांबणारेही आहेत, आणि बहुतेकदा पाठलाग होतो तो बोटीतल्या पर्यटकाने "अजून जवळ घ्या ना" म्हटल्यावर.

मुलीला डॉल्फिन नक्की दाखवायचे असतील तर माझा सल्ला ऐकून कदाचित हिरमोड होईल: जमिनीवरून दाखवा. भोगव्याच्या उंच कड्यावरून किंवा निवतीच्या किल्ल्यावरून, चांगली दुर्बीण घेऊन, सकाळी नऊच्या सुमारास, पाठीशी ऊन. वरून पाण्याचा रंग कळतो, कळप कसा पसरलाय ते दिसतं, पिल्लू आईच्या कुठल्या अंगाला आहे तेही. कयाकवर बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम हातभर वर असतात, त्याला हे काहीच दिसत नाही.

आणि कयाकसाठी खाडी ठेवा. लोक खाडीकडे "समुद्र नाही मिळाला म्हणून" बघतात, ते मला कळत नाही. चढत्या पाण्याबरोबर कांदळवनाच्या कडेने हळू सरकत गेलात तर तासाभरात जे दिसेल ते समुद्रात चार दिवसांत दिसणार नाही. पेन्सिली उभ्या रोवल्यासारखी मुळं दिसतील ती तिवराची, त्याहून जाड, सुळक्यासारखी असतील तर चिप्पीची. पांढरी चिप्पी 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. कमानीसारखी मुळं टेकवून उभी असतात ती कांदळं. चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या, एकच नांगी मोठी असलेले आणि ती सारखी हलवणारे छोटे खेकडे, वर फांदीवर काळ्या टोपीचा खंड्या. मुलीला पुढे बसवा आणि वल्हं तिच्या हातात देऊ नका, निदान पहिला तास. पुढच्या माणसाला सगळं आधी दिसतं.

नशीब असेल तर ऊद दिसेल, म्हणजे पाणमांजर. बहुतेकदा आधी त्यांनीच आपल्याला बघितलेलं असतं. पाण्यातून मान वर काढून फुरफुरतात, मग एकामागून एक बुडतात. थांबा, जागचे हलू नका. वीस मीटर पुढे वर येतात. चिखलात किंवा खडकावर माशांच्या खवल्यांनी भरलेली त्यांची विष्ठा दिसली तर ती त्यांची नेहमीची जागा, तिथे कयाक लावू नका.

पक्ष्यांबाबत मात्र मी डॉल्फिनपेक्षा कडक आहे. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर आणि वाळूच्या बेटांवर हिवाळ्यात कुरव, सुरय, चिखल्या, तुतवार, कुदळ्या उतरतात. कित्येक जण उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडून आलेले असतात आणि मार्चनंतर परत तेवढंच उडायचं असतं. भरती आली की चिखल बुडतो आणि सगळे उरलेल्या वाळूवर दाटीने उभे राहतात. त्याच वाळूवर सेल्फीसाठी उतरलेली दोन माणसं चारशे पक्षी उठवतात. पुन्हा बसायला जागा नाही, म्हणून ते हवेतच घिरट्या घालतात आणि खाल्लेलं जाळतात. एकाने मान वर केली, दुसऱ्याने केली, चालायला लागले, इथेच थांबायचं. उडाले म्हणजे तुम्हाला उशीर झाला. समुद्री गरुडाचं घरटं असलेलं झाड कळलं, उंच आंबा किंवा सुरू असतो बहुधा, तर जानेवारीत त्याखाली रेंगाळू नका. तेव्हा घरट्यात पिल्लं असू शकतात आणि आई उठून गेली की कावळे, घारी टपलेल्या असतात.

कासवं. ऑलिव्ह रिडले नोव्हेंबरपासून आपल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात, तिकडे वेळासपासून इकडे वायंगणीपर्यंत. समुद्रात पाठीची टोपली तरंगताना दिसली आणि ती दोन मजली वाटली, तर नर-मादी आहेत, लांबूनच जा. जाळ्यात अडकलेलं कासव दिसलं तर स्वतः कयाकवरून सुरी चालवायला जाऊ नका. तुम्ही उलटाल आणि जाळ्यात तुम्हीच अडकाल. जवळच्या मच्छीमाराला हाक मारा. अशा संरक्षित प्राण्याला सोडवण्यासाठी जाळं कापलं तर सरकारकडून 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते, आणि इकडच्या बऱ्याच लोकांना ते माहीत असतं. रात्री किनाऱ्यावर फिरताना विजेरी शक्यतो बंद ठेवा, उजेड दिसला की मादी वर न येता परत फिरते.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती कयाक चालवावी का, हे तुम्ही विचारलं नाही, पण इथे आल्यावर वाटेलच. किल्ला, पद्मगड आणि आसपासचे खडक 1987 पासून सागरी अभयारण्यात येतात, खाली प्रवाळ आहे. ओहोटीला पाणी इतकं कमी होतं की कयाकचा तळ घासतो आणि माणूस सहज उतरून चालायला लागतो, प्रवाळावरच. शिवाय तिथे प्रवासी होड्यांची सारखी ये-जा असते आणि त्यांना पाण्यालगतची कयाक उन्हाच्या तिरिपीत दिसत नाही. मी नवख्यांना तिकडे नेत नाही.

आता भीतीचा प्रश्न. समुद्रसाप विषारी असतात, फार विषारी, पण ते कयाकवर चढून कोणाला चावत नाहीत. दंश होतात ते बहुतेक जाळ्यातून मासळी सोडवताना. किनाऱ्यावर मेल्यासारखा पडलेला साप मात्र काठीनेही उलटू नका. आपल्याकडे दवाखान्यात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी असतं, समुद्रसापासाठी नाही. तुमच्यासाठी जास्त खरी भीती पाकटाची. उथळ वाळूत ते अंगावर वाळू घेऊन पडून असतं आणि पाय पडला की शेपटीचा काटा मारतं. उतरताना पाय उचलून टाकू नका, वाळूतून घासत न्या, म्हणजे ते आधीच पळतं. लागलाच काटा तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा. त्याहून रोजची भीती कालवांची. खडकांना चिकटलेल्या त्या शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. पायही कापतात आणि हवेची कयाकही. चपला नकोत, मागे पट्टा असलेले बूट हवेत.

मगरी: चिपळूणकडे वाशिष्ठीत आणि गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात आहेत, आणि तिथे त्या मोठ्या बोटीतूनच बघाव्यात, हवेच्या कयाकमधून नव्हे. बाकी कुठल्याही खाडीत उतरण्याआधी काठावरच्या घरात विचारा. "सुसर आसा काय?" एवढं विचारलं तरी पुरतं. जाळं टाकणाऱ्या माणसाला जे माहीत असतं ते नकाशावर नसतं. विचारलंत तर चहाही मिळेल.

सामानाचं पटकन सांगते. तरंगजाकीट अंगात, कयाकच्या मागे बांधून नव्हे, आणि मुलीला तिच्या मापाचं. मोठ्यांचं जाकीट पाण्यात तिच्या कानापर्यंत वर सरकेल. वल्हं दोरीने कयाकला बांधलेलं. शिट्टी जाकिटाला. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गळ्यात, आणि त्यात तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक. भडक रंगाचे कपडे. आमचं पाणी जानेवारीतही थंड नसतं, त्यामुळे गारठून जाण्याची भीती नाही, पण पाण्यावरून परावर्तित होणारं ऊन हनुवटीखाली आणि नाकाखाली भाजतं. माणशी दोन लिटर पाणी. किनाऱ्यावर कोणाला तरी, तुम्ही उतरलाय त्या घरात, "साडेअकरापर्यंत आलो नाही तर बघा" असं सांगून निघायचं, आणि साडेअकराच्या आत यायचं. लोक खरोखर शोधायला निघतात, त्यांची मासेमारी बुडते.

रात्री चमकणाऱ्या पाण्यात कयाक चालवायची हौस काही जणांना असते, म्हणून तेही सांगून टाकते. हिवाळ्यात काही रात्री लाट फुटली की निळा उजेड दिसतो, सूक्ष्म जिवांमुळे. तो किनाऱ्यावर घोटाभर पाण्यात उभं राहून बघा. अंधारात वारा फिरलेला दिसत नाही.

काही गोष्टी मला इथून ठरवता येत नाहीत. तुमच्या कयाकची लांबी किती, तिच्या तळाला सरळ चालण्यासाठी पर आहे का, मुलीला कितपत पोहता येतं, आणि तुम्ही नेमक्या कुठल्या चार दिवशी येताय. पर नसेल तर खाडीतल्या वाऱ्यातही ती गोल फिरेल, तेव्हा तो आधी बसवून घ्या, पुण्यात मिळतो. तारखा कळवताना बाजूला तिथी लिहा, म्हणजे कुठल्या दिवशी किती वाजता पाण्यात उतरायचं ते सांगता येईल.